किल्ला शोकेसमधून खाली काढा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी उदगीरला राहते. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत आहे. मुलगी अडीच वर्षांची. माझे दीर जर्मनीत नोकरीला आहेत. दिवाळीला आले तेव्हा त्यांनी पुतण्यासाठी मोठा खेळ आणला. परदेशी पद्धतीचा किल्ला, वर-खाली होणारा पूल, लोखंडी चिलखतातले घोडेस्वार, राजा-राणी, ढाली, तलवारी, झेंडे. सुरुवातीला लेकरू जेवण विसरलं. आता मात्र तो खेळ नुसता पडून आहे. महागाचा आहे, तुकडे हरवतील, म्हणून यांनी तो हॉलमधल्या शोकेसमध्ये ठेवलाय. मागितला की काढून देतात. पण हल्ली तो मागतच नाही. दिला तरी दहा मिनिटं ढिशूम-ढिशूम, सगळे मेले, खेळ संपला, की मोबाइल. खेळताना एकटाच बडबडतो, दोन-तीन आवाज काढतो, त्याचीही काळजी वाटते. सासरे म्हणतात, "आपल्याकडं किल्ले काय कमी हायेत व्हय? हे कुठले टोपवाले बाहुले घेऊन बसायलंय लेकरू!" जो तो मला सांगतो की मुलांना गोष्टी सांगा. पण मला गोष्टी रचता येत नाहीत हो. चिमणी-कावळ्याच्या पुढं माझी गाडी जात नाही. आणि दीर विचारतायत, वाढदिवसाला ड्रॅगनचा संच पाठवू का? काय सांगू त्यांना?

— एक आई, उदगीर

प्रिय ताई,

सगळ्यात आधी तो किल्ला शोकेसमधून खाली काढा. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, हे मात्र आजच करा. काचेआडची वस्तू लेकराची राहत नाही, ती पाहुण्यांची होते. "बाबा, काढून देता का?" असं विचारायचं, "तुकडा हरवू नको हं" हे ऐकायचं आणि मग मांडी घालून खेळायला बसायचं, यात कुणाचं मन लागेल? घरच्या मंडळींना सांगा, पाच-सहा तलवारी हरवणारच आहेत. हरवू द्या. तलवार हरवलेला सरदार ती शोधायला पलंगाखाली निघाला, की तिथंच गोष्ट सुरू झाली.

जमिनीवर एखादं जुनं लुगडं नाहीतर चादर पसरा आणि खेळ त्यावर मांडायला सांगा. रात्री चारी टोकं उचलून गाठोडं बांधलं की आवरलं. घरात एखादा कोपरा मोकळा असेल तर गाठोडंही नको. मांडलेला डाव दोन-चार दिवस तसाच राहू द्या. काल पूल वर होता, आज उठल्या उठल्या तो खाली करायचाय, एवढ्या ओढीनंसुद्धा मूल खेळाकडं परत येतं.

आता तुमचा खरा प्रश्न. एवढा देखणा खेळ दहा मिनिटांत संपतो कसा? मला यात मुलाचा दोष दिसत नाही, मोबाइलचाही फारसा नाही. संचात काय काय आहे ते तुम्ही लिहिलंय, ते पुन्हा वाचून बघा. पूल, ढाली, तलवारी, झेंडे, घोडेस्वार. सगळं सामान लढाईचं. लढाईला दहा मिनिटं पुष्कळ झाली. सगळे मेल्यावर त्यानं पुढं करायचं काय? त्या किल्ल्यात कुणाला भूक लागत नाही. कुणाचा घोडा लंगडत नाही. टाक्यातलं पाणी आटत नाही, राणी कुणावर रुसत नाही, स्वयंपाकघरात मीठ संपत नाही. शत्रू आहे, पण नड नाही. आणि गोष्ट चालते ती नडीवर.

तुम्ही म्हणता गोष्टी रचता येत नाहीत. श्रावणातल्या कहाण्या कानावरून गेल्याच असतील ना? आटपाट नगर असतं, तिथं कुणीतरी राहत असतं आणि त्याच्याकडं काहीतरी नसतं. अन्न नसतं, मूल नसतं, माहेर नसतं. मग वाटेत कुणी भेटतं आणि वसा देतं. "उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील," अशी शंका आधीच काढलेली असते, आणि "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही" असं वचन द्यावं लागतं. पुढं माणूस उततो, माततोही, वसा टाकतो, सगळं घालवून बसतो; मग पुन्हा वाटेला लागतो. नड, वसा, वसा मोडण्याची वेळ आणि परत येणं. आपल्या आज्यांनी याच चार खुंट्यांवर वर्षानुवर्षं कहाण्या टांगल्या. तुम्हाला नवीन काही शोधायचं नाही. आटपाट नगराच्या जागी तो जर्मन किल्ला ठेवायचा.

आणि तो तिथं छान बसतो, कारण युरोपातल्या त्या चिलखतवाल्यांचं आयुष्यही वशावरच चालायचं. मध्ययुगात तिथं सरदाराचा मुलगा साधारण सात वर्षांचा झाला की त्याला घर सोडून दुसऱ्या सरदाराच्या किल्ल्यात पाठवत. तिथं तो ताटं वाढायचा, निरोप पोचवायचा, घोड्यावर बसायला शिकायचा. चौदाच्या आसपास तो एखाद्या स्वाराचा मदतनीस व्हायचा. त्याची ढाल वाहायची, घोड्यांची निगा राखायची, चिलखत घासायचं, लढाईआधी ते अंगावर चढवायला मदत करायची. एकविशीच्या सुमाराला त्याला स्वतःला तो मान मिळायचा. त्याआधीची रात्र कित्येक जण प्रार्थनाघरात जागून काढत, आणि मग शपथ घेत. अंगभर लोखंडी पत्र्याचं चिलखत वीस ते पंचवीस किलोंचं असे, म्हणजे गव्हाचा अर्धा कट्टा. ते घालून माणूस पडला तर त्याला उठता येत नसे, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. ते खरं नाही. वजन सगळ्या अंगावर वाटलेलं असायचं, त्यामुळं सराव असलेला स्वार त्यात चालायचा, पळायचा, घोड्यावरही चढायचा. मुलाला हे सांगा आणि कट्टा अर्धा रिकामा करून उचलायला लावा. उचलणार नाही, पण विसरणारही नाही.

तर, संचातला सगळ्यात साधा बाहुला शोधा. त्याचा टोप काढा, तलवार काढून घ्या. हा सात वर्षांचा पोरगा आजच किल्ल्यात कामाला आलाय. त्याची आई लांबच्या गावी आहे. त्याला अजून कुणी नावानं हाक मारत नाही. एवढंच सांगा आणि थांबा. नाव तुमचा मुलगा ठेवील. वसाही त्यालाच ठरवू द्या. तहानलेलं जनावर दिसलं की थांबायचं, हा चांगला वसा आहे. दाराशी आलेल्याला उपाशी परत पाठवायचं नाही, हाही चांगला. त्यानं 'मंगळवारी जिना चढायचा नाही' असला काहीतरी विचित्र वसा काढला तर तो आणखी चांगला, कारण तो मोडायची वेळ लगेच आणता येते. मंगळवारीच राजा वरच्या बुरुजावर अडकतो.

नड कोणती आणायची, याची लातूर जिल्ह्यातल्या माणसाला उणीव पडू नये. टाकं आटलंय. किल्ल्यात पाणी नाही, खंदकातलं पिण्याजोगं नाही, घोडे तहानलेत. आता पाणी कुठून आणायचं? मुलगा म्हणाला "टँकर बोलवू", तर हसू नका आणि "तेव्हा टँकर नव्हते" असं तर अजिबात म्हणू नका. चिलखत घातलेले स्वार हातात घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभे आहेत, हे दृश्य मला तरी कुठल्याही लढाईपेक्षा आवडेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. मुलाचा जन्म त्यानंतरचा. त्याला ते सांगा, आणि त्या गाडीला वाटेत चोर लुटायला आले तर राखणीला कोण जाईल ते विचारा. काड्यापेट्या एकापुढं एक लावल्या की गाडी तयार.

एक सावधगिरी. तुम्ही गोष्टीचा ताबा घ्यायचा नाही. मोठी माणसं खेळात शिरली की राजाच व्हायला बघतात, किंवा मास्तर. तुम्ही दिंडी दरवाजावरचा पहारेकरी व्हा, तोही कानानं अधू.

"दार उघडा!"

"काय? वारं सुटलं?"

"दार! मी घोडा आणलाय!"

"सोडा? बाटलीभर का पेलाभर?"

"घोडा, घोडा! पांढरा घोडा!"

"अस्सं अस्सं. मग आधी घोड्यालाच विचारतो, तू कोण ते."

इथं तुम्ही थांबायचं. आता घोडा बोलणार, म्हणजे तुमच्या मुलाला घोड्याचा आवाज काढावा लागणार, आणि हा घोडा कुठून आला, मालकाबद्दल त्याचं मत काय, हे सगळं त्यालाच ठरवावं लागणार. रोज इतका वेळ दिलात तरी खूप. मग पोळ्या करायला उठा. पहारेकरी झोपला असं सांगितलं की कुणाला वाईट वाटत नाही.

खेळ चालू असताना "घोडे किती आहेत? ढालीचा रंग कोणता?" हे टाळा. ती परीक्षा झाली, आणि पहिलीतल्या मुलाच्या वाट्याला परीक्षा पुष्कळ येतात. विचारायचंच असेल तर "मग?" एवढंच विचारा.

बाहुल्यांच्या चेहऱ्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण तो एकदा नीट बघा. जर्मनीतला प्लेमोबिल हा खेळ १९७४ साली बाजारात आला. हान्स बेक या माणसानं ती साडेसात सेंटिमीटरची माणसं घडवली. अरब देशांनी तेल रोखल्यावर प्लॅस्टिकचे भाव भडकले, तेव्हा मोठी खेळणी परवडेनात म्हणून त्या कारखान्यानं ही लहान माणसं बाहेर काढली. पहिल्या तुकडीत चिलखतातले स्वार होतेच. चेहरा लहान मुलं चित्रात काढतात तसा, दोन डोळे आणि हसू. नाक नाही. तुमचा संच दुसऱ्या कुणाचा असला तरी चेहरे बहुधा असेच साधे असतील. हीच त्यांची जमेची बाजू. ज्याच्या चेहऱ्यावर राग कोरलाय त्याला रडवता येत नाही. असल्या कोऱ्या चेहऱ्याच्या माणसाला मूल सकाळी दुष्ट करतं आणि संध्याकाळी त्याच्याच आजीचं लग्न लावून देतं.

गोष्टी सांगाव्यात की नाही, यावर शिक्षणाच्या जगात पूर्वी खरोखरच मतभेद होते. माँटेसरीबाईंना अगदी लहान मुलांना परीकथा सांगणं फारसं पसंत नव्हतं. मुलाला आधी खरं जग कळू द्या, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पद्धतीनं भारावलेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं, आणि गोष्टीला मात्र तिथं मानाचं पान दिलं. मी गिजुभाईंच्या पंगतीला बसते. पण सांगण्याइतकंच, माझ्या मते सांगण्यापेक्षाही जास्त, महत्त्वाचं आहे ते मुलाची गोष्ट ऐकून लिहून घेणं. शिकागोच्या विव्हियन पेली या शिक्षिका वर्षानुवर्षं हेच करत. मूल सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायचं आणि त्याच दिवशी वर्गातल्या पोरांनी ते करून दाखवायचं.

हे घरी सहज जमतं. शंभर पानी वही घ्या. रात्री त्याला विचारा, आज किल्ल्यात काय झालं? तो बोलेल तसं लिहा. "मग राजा म्हणायलाय की मला पानी पायजे" असं तो बोलला तर तसंच लिहा, शाळेतलं मराठी करू नका. दहा वेळा 'मग' आला तर दहा वेळा लिहा. पानभर झालं की वाचून दाखवा. आपलं बोलणं कागदावर उतरतं आणि ते जसंच्या तसं परत ऐकू येतं, हे कळलं की पहिलीतल्या पोराला वाचायची जी घाई सुटते, ती बाराखडी गिरवून सुटत नाही. आठवड्यातून एकदा त्यातली एक गोष्ट घरात करून दाखवा. आजोबांना घोडा करा. होतात ते, आधी नाही म्हणतील.

सासऱ्यांकडं येते. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका, ते निम्मं बरोबर आहे. ज्या गावात खंदक-बुरुजांचा किल्ला आहे, तिथल्या पोराला किल्ला जर्मनीहून आणून द्यावा लागला, तर आजोबा बोलणारच. पण मला वाटतं, त्यांचा राग बाहुल्यांवर कमी आणि आपल्याला कुणी विचारलं नाही यावर जास्त आहे. तेव्हा त्यांना किल्लेदार नेमा. किल्लेदाराचं काम, नव्या किल्ल्याची पाहणी करून उणिवा काढणं. त्या भरपूर आहेत. दरवाजा सरळ समोर आहे, हत्ती धावत आला तर? आपल्याकडच्या किल्ल्यांत दरवाजापुढची वाट मुद्दाम वळवलेली असते, हत्तीला धाव घ्यायला जागाच मिळू नये म्हणून, आणि दारांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला लोखंडी सुळे ठोकलेले असतात. या किल्ल्याला सुळे कुठं आहेत? अंबारखाना कुठं? पागा कुठं? पहारेकऱ्यांनी उन्हात उभं राहायचं का, देवडी कुठं? बुटांच्या खोक्यातून देवडी कापता येते, मातीचा बुरूज लिंपता येतो, दारावर काटे म्हणून बाभळीचे खरे काटे लावायचा आजोबांचा विचार असला तर तो तेवढा मोडून काढा.

मग त्यांनी पोराला गावातल्या किल्ल्यात न्यावं. १७६० साली भाऊसाहेब पेशव्यांनी उदगिरात निजामाला नमवलं, हे ते सांगतीलच, आणि अडवलं तरी सांगतील. सांगू द्या. सहा वर्षांच्या डोक्यात सन राहत नाही, घोडे राहतात. पोराच्या खिशात संचातला एक स्वार असू द्या आणि त्या स्वारासाठी तीन गोष्टी शोधून यायला सांगा: पाणी कुठून मिळेल, घोडा कुठं बांधायचा आणि लपायचं झालं तर कुठं. रझाकारांच्या काळचं जे त्यांनी वडलांकडून ऐकलंय, ते सांगायला मात्र आणखी चार-पाच वर्षं थांबायला सांगा. त्या आठवणी खऱ्या आहेत, म्हणूनच.

पुढं कधी सवड झाली तर आपल्या मुलखात गोष्टींची खाण आहे. नळदुर्गात बोरी नदीवर बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात महाल आहे; नदी भरली की डोक्यावरून पाणी कोसळतं आणि माणूस आत कोरडा उभा. परंड्याची मुलूखमैदान तोफ, वजन ५५ टनांच्या आसपास, सतराव्या शतकात तिथून विजापूरला नेली. कशी नेली असेल? किती बैल लागले असतील, वाटेत ओढा लागला तेव्हा काय केलं असेल, चाक रुतलं तेव्हा गाडीवान काय बोलला असेल? लाटणं आणि पोळ्याचे मातीचे बैल घेऊन पोरगा याचा फडशा अख्ख्या दुपारीत पाडील. आणि देवगिरी. कातळ तासून सरळ केलेली भिंत, खोल खंदक, आणि वर जायला डोंगराच्या पोटातला काळोखा बोगदा, म्हणजे अंधारी. अंधारीच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण आणि विस्तव, खालून येणाऱ्या शत्रूला धुरानं कोंडायला. प्लॅस्टिकच्या किल्ल्यात अंधारी नाही. ती चादरीखाली होते, उशांची. बॅटरी घेऊन पोरगा त्यातून सरपटत गेला की तुम्हाला तासभर मोकळा मिळेल. खऱ्या अंधारीत न्याल तेव्हा वटवाघळं असतात, वास असतो, हात घट्ट धरा आणि धाकटीला त्या वेळी बाहेर कुणाजवळ तरी ठेवा.

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, जवळ आली की आणखी एक करता येईल. शेतात कडब्याची कोप घालतातच. चुना-काव लावलेल्या दगडी पांडवांची पूजा झाली, आंबील-भज्जी झाली, मोठी माणसं लवंडली, की त्या कोपीत हे चिलखतवाले राहायला येऊ द्या. आधी नको, सासूबाईंना आवडायचं नाही. परमुलखातले स्वार वाट चुकून पांडवांच्या दारी आलेत, त्यांना जेवायला काय वाढायचं, इथून सुरुवात करून द्या. भज्जी तिखट लागल्यावर ते चिलखत घालून कसे नाचले, हे तुम्हाला ऐकायला मिळेल.

मारामारीची तुम्ही काळजी लिहिली नाहीत, पण 'सगळे मेले' या शब्दांत ती दिसते. बाहुल्यांची लढाई बंद पाडू नका. खोटी लढाई खेळणारं मूल दांडगट निघतं असं मी तरी पाहिलं नाही. नियम एकच ठेवा: बाहुले भांडतील, हात भांडणार नाहीत. आणि लढाई संपली की एखादा वैद्य पाठवा. मेलेल्यांतले कितीतरी नुसते जखमी निघतात. त्यांना पाणी कोण पाजणार, हरलेल्या राजाला रात्री झोपायला कुठं जागा द्यायची, त्याचा घोडा आता कुणाचा? इथं पोरगा थांबून विचार करतो. हां, खेळात नव्हे तर खरोखर धाकटीला किंवा जनावराला तो जाणूनबुजून इजा करत असेल, किंवा भेदरल्या चेहऱ्यानं एकच प्रसंग आठवडेच्या आठवडे खेळत असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला.

एकट्यानं बडबडणं मात्र काळजीचं नाही. या वयाची मुलं विचारच मोठ्यानं करतात. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या तिशी-पस्तिशीत याचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं, की हे मोठ्यानं स्वतःशी बोलणंच पुढं आत जातं आणि मनातल्या मनात चालू राहतं. दोन-तीन आवाज काढतो म्हणजे दोन-तीन माणसं त्याला वेगळी दिसतायत. दाराआडून ऐका, फक्त त्याला कळू देऊ नका. आणि नातेवाइकांपुढं "करून दाखव रे तो आवाज" असं तर कधीच नको.

धाकटीचं काय, हे पत्रात नाही, आणि मला तिचीच जास्त चिंता वाटली. अडीच वर्षांचं लेकरू हाताला लागेल ते तोंडात घालतं. असल्या संचांच्या खोक्यावर तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही अशी खूण असते, गोलात चेहरा आणि त्यावर तिरपी रेघ. ती शोभेला नसते. खेळण्यांच्या तपासणीत सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाची लहान नळी वापरतात. त्यात जे पूर्ण मावतं ते घशात अडकू शकतं असं धरतात. मुकुट, टोप, तलवारी, ढाली, झेंडे, यांतलं बरंचसं त्यात मावेल. हे तुकडे झाकणाच्या डब्यात, उंचावर ठेवा आणि ती झोपली की मोठ्याला काढून द्या. ती जागी असताना चादरीवर फक्त किल्ला, घोडे आणि मोठी माणसं. धान्य म्हणून चिंचोके, हरभरे, ज्वारी देऊ नका, नाका-कानात जातात. कणकेचे गोळे करा. किल्ल्यात दिवा किंवा आवाज असेल तर बॅटरीच्या झाकणाचा स्क्रू घट्ट आहे का ते आजच बघा. बटणासारखा सेल गिळला गेला तर घरी वाट बघायची नसते, थेट दवाखाना गाठायचा. आणि इकडं खेळणी घेताना आयएसआय खूण बघून घ्या, १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे.

तिला खेळातून हाकलू मात्र नका. आणि 'तू राणी हो, इथं बस' असंही नको. अडीच वर्षांच्या मुलीला खाऊ घालणं, झोपवणं, बाहेर काढणं, पुन्हा आत घालणं एवढंच आवडतं. तिला घोड्यांची राखण द्या. ती त्यांना दिवसातून वीस वेळा चारा घालील आणि दादाला वीस वेळा गोष्टीतून उठावं लागेल. तो चिडेल. चिडू द्या, कुठल्याही पागेत असं होतच असतं.

मोबाइलवर लांबण लावत नाही. त्याची वेळ ठरवून टाका आणि खेळलास तर मोबाइल देईन असा सौदा करू नका, कारण मग खेळ हे काम होतं आणि मोबाइल पगार.

राहिले दीर. त्यांना सांगा, ड्रॅगन नको. ड्रॅगन आला की पुन्हा दहा मिनिटांत निकाल लागेल. लोहार, स्वयंपाकीण, बैलगाडी नाहीतर कोंबड्या असलेला एखादा लहान संच मिळाला तर बघा म्हणावं. नाही मिळाला तर काहीच पाठवू नका म्हणावं. पण वाढदिवसाला व्हिडिओ कॉल करा आणि पुतण्याला विचारा की किल्ल्यात हल्ली पाण्याचं कसं काय चाललंय. उत्तराला वेळ लागेल, तेव्हा सवडीनं करा. पोळ्याला कुंभाराकडून यंदा दोन बैल जास्त घ्या, तोफ ओढायला लागतील.

तुमची,
ताई